भोंग्यातला चुंबक

सरांना किती वाजले ते कधीच ठाऊक नसायचं. घड्याळ नव्हतं असं नाही. मनगटावर चावीचं घड्याळ होतं, काच पिवळी पडलेली, पट्टा दोनदा शिवलेला. पण शर्टाच्या खिशात तळहाताएवढा गोल चुंबक घेऊन हिंडणाऱ्या माणसाचं घड्याळ चालणार तरी कसं? दिवसातून पन्नास वेळा त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि काटे जिथल्या तिथे अडखळून थांबायचे. सातपूरच्या घड्याळवाल्यानं पाच-सहा वेळा ते दुरुस्त केलं आणि मग हात जोडले. म्हणाला, "सर, एक तर खिशातलं काढा, नाहीतर हातातलं." सरांनी दोन्हीतलं काहीच काढलं नाही.

मग ते विचारत सुटायचे. मला, चहावाल्याला, शेजारच्या कंपनीच्या वॉचमनला. एकदा थांब्यावर उभ्या असलेल्या बसच्या कंडक्टरला खिडकीतून विचारलं आणि बसमध्ये न चढताच परत आले. "किती वाजले हो?" उत्तर ऐकलं की मान तिरकी करून जरा विचार करायचे आणि म्हणायचे, "अच्छा. म्हणजे वेळ आहे अजून." सकाळचे दहा असोत की संध्याकाळचे सहा, वेळ आपला असायचाच. मी जात्याच घाईची. चहासुद्धा उभ्यानं पिणारी. ते वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जायची.

त्यांच्याकडे मी पहिल्यांदा गेले ती नोकरी मागायला. एम.एस्सी. होऊन दीड वर्ष झालं होतं आणि सटाण्याकडच्या आमच्या गावात माझ्या रसायनशास्त्राचा उपयोग द्राक्षावरच्या फवारणीच्या बाटल्या वाचून दाखवण्यापुरता होता. सातपूरच्या एमआयडीसीत स्प्रिंगा बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या माळ्यावर सरांची प्रयोगशाळा. प्रयोगशाळा हा माझा शब्द. खालचे स्प्रिंगवाले मामा तिला 'वरची खोली' म्हणत. सर्टिफिकेटांची फाइल छातीशी धरून लोखंडी जिना चढले, तर आतून आवाज आला, "या मंडळी, या. सावकाश या." मी मागे वळून पाहिलं, माझ्याबरोबर आणखी कोण आलंय म्हणून. कोणी नव्हतं. सर खिडकीपाशी पाठमोरे उभे राहून एका काचेच्या बरणीशी बोलत होते.

बरणीत काळंकुट्ट पाणी होतं. सरांनी खिशातून चुंबक काढला आणि बरणीला बाहेरून टेकवला. पाण्यातला काळेपणा जागा झाल्यासारखा हलला, एका बाजूला सरकू लागला आणि बघता बघता सगळाच्या सगळा चुंबकापाशी जाऊन बसला. बाकीचं पाणी नितळ. त्यातून खिडकीबाहेरचं गुलमोहराचं झाड दिसायला लागलं, उलटं.

"उजाडलं," सर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "किती वाजले हो?"

फाइल त्यांनी उघडलीच नाही. "तुम्ही उद्यापासून या," म्हणाले. सर सगळ्यांनाच तुम्ही म्हणत. मला, मामांना, जिन्यावर झोपणाऱ्या मांजरीलासुद्धा. "तुम्ही जरा सरकता का?" असं तिला विचारायचे आणि ती सरकेपर्यंत पायरीवर थांबायचे.

आई फोनवर विचारायची, "तुनं काम काय शे तठे?" मी सांगायचे, काळी भुकटी धुते. ती म्हणायची, त्यासाठी एवढं शिकलीस? मला तरी तेव्हा दुसरं काय सांगता येणार होतं. काम होतंच तसं. लोखंडाचे क्षार पाण्यात विरघळवायचे, अमोनिया घालायचा, की काळी, पिठाहूनही बारीक भुकटी तयार होते. तिचा कण न् कण चुंबकाकडे धावणारा. त्या कणांवर काचेचं पातळ कवच चढवायचं. आणि कवच चढवताना त्यात साबण घालायचा. साबणाचे अतिबारीक गोळे कवचात अडकून बसतात. कवच घट्ट झालं की तो साबण धुऊन काढायचा, म्हणजे त्याच्या जागी भोकं राहतात. आपल्याला हवी असतात ती भोकंच. घाण पाण्यात ही भुकटी टाकली की पाण्यातलं निकेल किंवा रंग त्या भोकांत शिरून बसतो. मग चुंबक लावायचा आणि भुकटी घाणीसकट बाहेर ओढून घ्यायची.

सर त्यांना भोकं म्हणत नसत, खोल्या म्हणत. यामागे त्र्यंबकेश्वर होतं. सरांच्या वडिलांची तिथं यात्रेकरूंसाठी उतरायची जागा होती, बारा-पंधरा खोल्यांची. पहाटे लोकांना उठवायचं काम सरांकडे. कुशावर्तावर अंघोळ उरकून दर्शनाच्या रांगेत लवकर लागायचं म्हणून आदल्या दिवशीच लोक सांगून ठेवत. सर दारोदार जाऊन कडी वाजवत. "आतून पहिला प्रश्न एकच यायचा," ते सांगत. "कुठूनही आलेला माणूस असो, श्रीमंत असो की भणंग, जागा झाला की आधी विचारणार, किती वाजले? देव राहिला बाजूला." वडिलांचा हुकूम होता, उशीर झाला म्हणून सांग, म्हणजे लोक भराभर उठतील आणि खोली लवकर रिकामी होईल. सर मात्र सांगत, "वेळ आहे अजून, सावकाश उठा." त्यापायी त्यांनी वडिलांचा मारही खाल्ला होता.

पुढे वडिलांनी भोंगा बसवला. पहाटे भोंगा वाजला की सगळ्या खोल्या एकदम उठत. सरांचं काम गेलं. काही वर्षांनी भोंगा बिघडला, तेव्हा सरांनी तो खोलला आणि आतला चुंबक काढून घेतला. तोच हा खिशातला. मधोमध भोक असलेला, कडेला एक टवका उडालेला. त्याच्या वजनानं खिसे फाटायचे, म्हणून शिंप्याकडून प्रत्येक शर्टाच्या खिशाला आतून कॅनव्हासचं अस्तर लावून घेतलेलं. "लोकांना उठवणारा आवाज ह्याच्यामुळेच निघायचा," ते चुंबक तळहातावर तोलत म्हणायचे. "हाक मारायची सवय आहे ह्याला." मग चष्म्यावरून माझ्याकडे बघत, "पाण्यात काहीही सोडायला अक्कल लागत नाही. सोडलेलं हाक मारल्यावर परत आलं पाहिजे. नाहीतर आपणच आणखी घाण केली म्हणायची."

असं बोलणं ऐकलं की मी तोंडदेखलं हसायचे आणि मनात म्हणायचे, बरं सर, आता चौथं धुणं संपवू का?

धुणं हा माझा शत्रू. साबण काढायला सर कोमट स्पिरिट वापरत. भुकटी त्यात घोळायची, चुंबकानं एका बाजूला बोलवायची, वरचं स्पिरिट ओतून द्यायचं. असं सात वेळा. दर वेळी तासन् तास घोळत बसायचं, त्यामुळे मोठ्या घाण्याला चार-पाच दिवस सहज जात. शेवटी चिमूटभर भुकटी बाटलीत पाण्याबरोबर हलवायची. फेस आला तर सर मान हलवत, "कोणीतरी अजून आत आहे. झोपलंय बिचारं." पुन्हा धुणं. स्पिरिटच्या वासानं माळ्यावरची दुपार जड व्हायची, खालून स्प्रिंगा गुंडाळल्याचा एकसुरी आवाज यायचा, उन्हाचा पट्टा फरशीवरून सरकत राहायचा आणि मला वाटायचं, आपण ह्या माळ्यावर वर्षानुवर्षं झोपलेलो आहोत आणि आपल्याला कोणी उठवायला येत नाहीये. खोटं कशाला बोलू, काही दुपारी ते बरंही वाटायचं.

माळ्याच्या आतल्या भिंतीला एक लाकडी मांडणी होती. तिच्यात औषधाच्या बाटल्या. दीडशेच्या आसपास, प्रत्येकीत काळी भुकटी, तोंडावर मेण. अकरा वर्षांत सरांनी केलेल्या प्रत्येक घाण्यातली एकेक बाटली. लेबलावर नंबर नाही. सरांच्या तिरप्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं असायचं: 'मंगळवार. वारा सुटला होता. मामांनी भजी दिली.' किंवा, 'आज पाणी लवकर उजाडलं.' मी एकदा एक बाटली उचलली, तर सर धावत आले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

"नको. ह्या वीस वर्षांनी उघडायच्या आहेत."

"वीस?"

"लोक चार महिने बघतात आणि लिहून टाकतात, भुकटी टिकते म्हणून. वीस वर्षं कोणी थांबलेलंच नाही. इतक्या वर्षांनी मंडळी हाक ऐकतात का, हे कोणाला माहीत नाही. मला बघायचंय. नऊ वर्षं राहिली." सर तेव्हा एकाहत्तरचे होते. मी मनात बेरीज केली आणि बाटली गुमान जागेवर ठेवली. बायको नव्हती, मूल नव्हतं, कॉलेजातल्या नोकरीतला ना बढतीचा ना सत्काराचा फोटो भिंतीवर लावलेला. होती ती मांडणी.

आता वहिनींबद्दल सांगायला हवं. आमच्या गल्लीच्या टोकाला त्यांचं निकेल प्लेटिंगचं दुकान. नळाच्या तोट्या, सायकलींची हँडलं, असल्या वस्तूंना चकाकी चढवायचं काम. मालकांना सगळी गल्ली भाऊ म्हणायची. भाऊ गेले आणि वहिनींनी साडीचा पदर खोचून टाक्यांपाशी उभं राहायला सुरुवात केली. हाताखाली सात माणसं. वस्तू धुतलेलं फिकट हिरवं पाणी मागच्या गटारात जायचं, गटारातून नाल्यात. एक दिवस प्रदूषण खात्याची नोटीस आली. पंधरा-सोळा दिवसांनी येणाऱ्या गुरुवारी साहेब येणार, पाणी स्वच्छ करून सोडायची सोय डोळ्यांसमोर चालवून दाखवायची, नाहीतर वीज तोडणार.

वहिनी नोटीस घेऊन वर आल्या. जिना चढून दम लागला होता, पण बसल्या नाहीत. "सर, मोठं मशीन बसवायची माझी ऐपत नाय. तुमच्या त्या काळ्या भुकटीनं पाणी उजळतं म्हणत्यात. खरं हाय का?"

सरांनी बाटलीत त्यांचं हिरवं पाणी घेतलं, चमचाभर भुकटी टाकली, हलवलं, चुंबक लावला. हिरवं पाणी काळं झालं आणि काळं पाणी नितळ झालं. वहिनींनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. खूप वेळ बघत होत्या. मग डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "सात घरं हाईत सर माझ्या जिवावर. दुकान बंद पडलं तर मी त्यांना काय सांगू?"

"गुरुवारी होईल," सर म्हणाले. कधी नव्हे ते त्यांनी वेळ आहे अजून असं म्हटलं नाही.

एका पिंपासाठी दोन किलो भुकटी लागणार होती. एवढा मोठा घाणा आम्ही कधी काढला नव्हता. दहा दिवस दोघांनी राबून काळे कण केले, कवच चढवलं. शनिवारी धुणं सुरू झालं. रविवारी सरांच्या वडिलांचं श्राद्ध होतं, म्हणून सर त्र्यंबकला गेले. जाताना दोनदा सांगितलं, "सात वेळा. मंडळींना घाई करू नका."

मी दोन धुणी केली. स्पिरिटनं डोकं भणभणायला लागलं. अजून पाच बाकी, गुरुवार तोंडावर आणि दोन किलोंचा तो काळा गाळ घोळता घोळता हात खांद्यापासून भरून आलेला. आणि मला पुस्तकातलं आठवलं. कवचातला साबण धुऊनच काढला पाहिजे असं नाही, जाळूनही निघतो. भट्टीत ठेवायचं, चार तासांत काम फत्ते. खाली मामांची स्प्रिंगा तापवायची भट्टी होती. रविवारचं काम उरकून मामा निघायच्या बेतात होते. त्यांना विनवलं, भट्टी चालू ठेवायला लावली. खरं सांगते, मला वाटलं सर खूश होतील. म्हणतील, तुम्ही तर कमालच केली.

चिमूटभर आधी लावून बघायचं असतं. हे मी दहावीच्या मुलांनाही सांगितलं असतं. मी सगळीच्या सगळी लावली.

संध्याकाळी मामांनी भट्टी उघडली, ताट बाहेर ओढलं आणि म्हणाले, "हे काय ग? तू तर गेरू भाजून ठेवलास."

भुकटी लाल झाली होती. विटकरी लाल. पुस्तकात जे जाळतात ती नुसती काचेची भुकटी असते; आमच्या प्रत्येक कणाच्या पोटात लोखंड होतं, हे मी सोयीस्कर विसरले होते. वारं आणि आच लागून ते काळं लोखंड गंजासारखं लाल झालं. मी वर जाऊन साधा चुंबक आणला, भुकटीवर धरला. एक कणही हलला नाही. तेवढ्यात फोन वाजला. सर होते. "धुणं कुठवर आलं?"

"पाचवं चालू आहे सर," मी म्हणाले.

का म्हणाले, कुणास ठाऊक. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. वहिनींचा पदर डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सोमवारी सर पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी भुकटी प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्यात भरून झाकण लावून ठेवली होती. सांगायचं सोडून मी बाटल्या पुसत बसले. सरांनी खिशातून चुंबक काढला, त्याच्या भोकात दोरा ओवलेलाच असायचा, आणि नेहमीसारखा तो डब्याशेजारी टांगून धरला. आमची ही रोजची रीत. आत भुकटी असली की दोरा डब्याकडे कलतो. त्या दिवशी दोरा सरळ खाली लोंबत राहिला. सरांनी हात स्थिर केला, श्वास धरला, पुन्हा बघितलं. दोरा सरळच. मग त्यांनी झाकण उघडलं.

सरांनी चिमूटभर लाल भुकटी बाटलीत घेतली, पाणी घालून हलवली. उजेडात धरली.

"फेस नाही," ते म्हणाले. "खोल्या तर रिकाम्या झाल्या. फक्त हाक ऐकू येत नाहीये यांना."

मी रडायला लागले. मघाशी गिळलेलं सगळं बाहेर आलं; भट्टी, पुस्तक, पाचवं धुणं. सरांनी पेढ्याचा पुडा माझ्यापुढे सरकवला. "खा. प्रसाद आहे. रडतानाही प्रसादाला कोणी नाही म्हणत नाही." त्या दिवसापासून ते मला तू म्हणायला लागले. मला ते आधी कळलंच नाही. रागावले असते तर बरं झालं असतं, एवढंच वाटत होतं.

नवी दोन किलो भुकटी तीन दिवसांत होणं शक्य नव्हतं. मंगळवारभर सर खिडकीपाशी बसून राहिले. वेळही विचारली नाही. बुधवारी सकाळी मी आले तर त्यांनी आतल्या मांडणीसमोर स्टूल ओढलं होतं. शेजारी रिकामी बादली. त्यांच्या हातात फळं कापायचा छोटा चाकू, मेण खरवडायला.

मला उमगलं. "सर, नको," मी म्हणाले. "मी वहिनींना जाऊन सांगते, चूक माझी आहे म्हणून. साहेबांच्या पाया पडते. ह्या नको."

"वही घे," सर म्हणाले. "पहिल्या पानावर लिही, अकरा वर्षं."

मग त्यांनी पहिली बाटली उघडली. सगळ्यात जुनी. लेबल माझ्या हातात दिलं. बाटलीशेजारी दोरा धरला. दोरा जरा थांबला आणि कलला. "ऐकते. लिही." भुकटी बादलीत. दुसरी बाटली. "ऐकते." तिसरी. मी लिहीत गेले. दुपार झाली, उन्हाचा पट्टा फरशीवर आला, खालून स्प्रिंगांचा आवाज येत होता. सर प्रत्येक लेबल वाचायचे आणि त्या दिवसाबद्दल दोन शब्द बोलायचे. हा वारा सुटला होता तो दिवस. ह्या दिवशी मांजर पहिल्यांदा आली. ही भुकटी केली तेव्हा मला ताप होता. चार-पाच बाटल्या तपकिरी पडल्या होत्या. त्यांचा दोरा उशिरा कलला, पण कलला. सरांचा आवाज त्या दिवशी एकदाही चढला नाही की पडला नाही. बादली भरत गेली आणि मांडणी रिकामी होत गेली. मी लिहीत होते आणि वहीवर माझे थेंब पडत होते, अक्षरं फुटत होती.

शेवटची बाटली उलटी करून सरांनी तिच्या बुडावर टिचकी मारली. "वीस वर्षं थांबणार होतो," म्हणाले. "अकरातच कळलं. झाला की अभ्यास पुरा." आणि हात धुवायला गेले. बराच वेळ नळ चालू होता.

गुरुवारी वहिनींच्या दुकानामागे प्लॅस्टिकचं पिंप भरून हिरवं पाणी ठेवलं होतं. साहेब आले, तरुण होते, हातात बॅग. सात माणसं भिंतीला टेकून ओळीनं उभी. सरांनी बादली पिंपात उपडी केली आणि मी बांबूनं ढवळायला लागले. पाणी काळं झालं, इतकं काळं की एक माणूस हळूच म्हणाला, हे तर आणखी घाण झालं. वहिनी हलल्या नाहीत. तासभर ढवळलं. मग सरांनी मोठ्या चुंबकाच्या पट्ट्या पिंपाला बाहेरून लावल्या आणि वर भोंग्याचा चुंबक स्वतः हातानं धरून उभे राहिले. त्याची खरं तर काही गरज नव्हती. पिंपावर वाकून ते म्हणाले, "या मंडळी. या सगळे."

मी पाण्याकडे बघू शकले नाही. वहिनींकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा आधी दगडासारखा होता. मग ओठ हलले, मग डोळे भरले. "उजाडलं, सर," त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कुठून ऐकला होता कोण जाणे.

साहेबांनी नळीत पाणी घेतलं, आपल्या बाटलीतला थेंब टाकला. निकेल असेल तर गुलाबी रंग येतो. आम्ही सगळे त्या नळीकडे बघत होतो. रंग आला नाही. साहेबांनी दुसरा थेंब टाकला, नळी हलवली, उन्हात धरली आणि कागदावर काहीतरी लिहायला लागले. वहिनींच्या एका माणसानं चहा सांगायला धूम ठोकली.

परतताना सरांनी मला विचारलं, "किती वाजले ग?" मी सांगितलं, सव्वाबारा. "अच्छा," म्हणाले. "म्हणजे वेळ आहे अजून." मला तिडीक गेली नाही. भर रस्त्यात हुंदका फुटला.

वहिनींचं दुकान चालू आहे. दर महिन्याला आमची भुकटी तिथं जाते, निकेल घेऊन परत येते, आम्ही ते सौम्य आम्लानं उतरवून घेतो आणि रिकाम्या खोल्या पुन्हा पाठवतो. सात वेळा धुऊन. सर पुढे थकले, डोळ्यांना कमी दिसायला लागलं आणि ते त्र्यंबकला जाऊन राहिले. माळा माझ्या ताब्यात दिला. चुंबकही दिला, खिशाला आता पेलत नाही म्हणून. आता त्यांचं घड्याळ चालतं म्हणे, पण काटे नीट दिसत नाहीत.

लाल भुकटीचा डबा त्यांनी त्याच आठवड्यात मेण लावून बंद केला होता आणि रिकाम्या मांडणीत ठेवला होता, एकटाच. मी पाच वर्षं त्याला हात लावला नाही. झाडताना त्याच्या भोवतीनं झाडायचे. लाज, दुसरं काय. गेल्या दिवाळीच्या आधी मांडणीला रंग द्यायचा म्हणून शेवटी उचलावा लागला. लेबल मागच्या बाजूला होतं, भिंतीकडे. सरांचं तिरपं अक्षर.

'सोमवार. पेढे चांगले होते. मंडळी बहिरी झालेली नाहीत, गाढ झोपली आहेत. कोळशाच्या भुकटीत निजवून, घट्ट झाकण लावून, मंद आचेवर उठवावीत. मी कधी उठवून पाहिलेलं नाही, म्हणून वहिनींच्या कामात हा धोका घेत नाही. ज्याला सवड असेल त्यानं करावं.'

सवड. माझ्यासाठी ठेवलं होतं ते. पाच वर्षं माझ्या पाठीमागे.

ह्या वेळी चिमूटभरच घेतली. मामांच्या भट्टीत, मातीच्या झाकणबंद भांड्यात, कोळशाच्या भुकटीत घोळून. पहिली चिमूट लालच राहिली. दुसरी अर्धवट. कधी आच जास्त झाली, कधी झाकणातून वारं शिरलं आणि पुन्हा लाल. दिवाळी गेली, थंडी आली. मी वहीत लिहीत राहिले, झोपेत, झोपेत, अजून झोपेत. मामा म्हणाले, पूर्वीची तू असतीस तर भांडं फोडलं असतंस. खरंच फोडलं असतं.

परवा दुपारी भांडं गार होईपर्यंत मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. उघडलं. आत सगळं काळं, कोळसा कुठला आणि भुकटी कुठली ते कळेना. बाटलीत पाण्यात टाकलं, हलवलं आणि सरांचा चुंबक बाहेरून टेकवला. कोळसा पाण्यात तसाच तरंगत राहिला. आणि त्यातून एक काळी रेघ हलली, वळली आणि चुंबकाकडे यायला लागली. तिच्यामागून बाकीचे. पुढे हिरव्या पाण्यात घालून पाहिलं तेव्हा कळलं, निम्म्याच्या वर खोल्या भट्टीत ढासळल्या होत्या. पण उरलेल्या शाबूत होत्या, निकेल घेत होत्या.

मी त्र्यंबकला फोन लावला. बऱ्याच वेळानं उचलला.

"सर, उठली मंडळी. लाल डब्यातली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"उठल्यावर काय म्हणाली?" सरांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

मी बाटलीकडे पाहिलं. चुंबकापाशी सगळी गोळा झाली होती, गर्दी करून.

"विचारतायत, किती वाजले," मी म्हणाले.

सर हसले. हसता हसता त्यांचा श्वास अडकला, तो सुटेपर्यंत मी थांबले.

"सांग त्यांना," ते म्हणाले, "वेळ आहे अजून. सावकाश उठा म्हणावं."